रूळ, डांबर की पायवाट? बंद पडलेल्या रेल्वेपट्ट्याचं काय करावं

आधी गाड्या बंद होतात. मग काही वर्षांनी रूळ उचलून नेतात आणि मागे जमिनीचा एक लांबलचक, अरुंद पट्टा उरतो. त्यावर झुडपं माजतात, कुणी राडारोडा आणून टाकतं, कुणाचं कुंपण गुपचूप दोन हात पुढे सरकतं. पुढे कधीतरी हा विषय सभेपुढे येतो. एका गटाला पुन्हा गाडी हवी असते. दुसऱ्याला वाटतं, इथून रस्ता काढला तर गावातली कोंडी सुटेल. तिसरा गट चालण्या-सायकलसाठी मागणी करतो. आणि तुकडे पाडून विकावं असं मनात असलेले लोक बहुधा काहीच न बोलता बसलेले असतात.

त्या सभेत ज्यांना हात वर करायचा आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. माझा कल लपवत नाही. कुठलाही पर्याय तोलताना मी पहिल्यांदा एवढंच बघते की उद्या निर्णय चुकला असं वाटलं तर परत फिरता येईल का. खर्च, वेळ, गर्दी हे सगळं त्याच्यानंतर.

हातात नेमकं काय आहे

पोलादी चाक पोलादी रुळावर धावतं तेव्हा घर्षण फार कमी असतं. गाडी थोड्या ताकदीत ओढली जाते ती त्यामुळे, आणि चढावर ती अडते तीही त्यामुळेच. म्हणून रेल्वेमार्ग आखणाऱ्यांनी चढ जिवापाड टाळला. मुख्य मार्गांवर तो सहसा शंभराला एक, फार तर दोन असा असतो. म्हणजे १०० मीटर पुढे गेलात तर एक-दोन मीटर वर चढता. डोंगरातल्या रस्त्यांवर शंभराला सहा-आठचे चढ सर्रास असतात. हा सपाटपणा मिळवण्यासाठी टेकड्या कापल्या गेल्या, दऱ्यांत भराव टाकले गेले, आणि वळणं ऐसपैस ठेवली गेली. चाकाच्या खुर्चीसाठी शंभराला पाच हा चढसुद्धा जड जातो. जुना रेल्वेपट्टा त्या मर्यादेच्या खूप खाली असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि नुकतीच सायकल शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगली वाट मुद्दाम बांधूनही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट अखंडपणाची. असा पट्टा शेकडो जमिनींच्या मधून जातो आणि तरीही एकसंध असतो. आज तेवढीच जमीन नव्याने मिळवायची म्हटलं तर पिढी खर्ची पडेल. माझ्या मते खरी किंमत या अखंडपणाची आहे. त्यावर काय अंथरायचं हा त्यानंतरचा प्रश्न.

रुंदीच्या बाबतीत मात्र गफलत फार होते. कागदावरची रुंदी वेगळी आणि पायाखालची वेगळी. अमेरिकेत १८७५च्या कायद्याने सरकारी जमिनीतून जाणाऱ्या रेल्वेला मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १०० फूट मिळत होते, म्हणजे एकूण सुमारे ६१ मीटर. पण एकेरी मार्गाच्या भरावाचा माथा, जिथे खडी आणि रूळ असतात, तो जेमतेम पाच-सहा मीटरचा असतो. बाकीची जागा उतारात, चरांत आणि झाडीत जाते. सभेत कुणी पट्ट्याची रुंदी सांगितली तर कुठली, माथ्याची की हद्दीची, हे तिथल्या तिथे विचारा.

पुन्हा गाडी

माणसं वाहून नेण्यात रूळ सगळ्यांच्या पुढे आहेत, यात वाद नाही. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे. तिने तीन मीटर रुंदीच्या एका पट्टीतून तासाला किती माणसं जाऊ शकतात याचा तक्ता दिला आहे. खासगी मोटारी ६०० ते १,६००. दुहेरी सायकलमार्ग ७,५००. पदपथ ९,०००. स्वतंत्र मार्गावरची बस किंवा रेल्वे १०,००० ते २५,०००. हे आकडे शहरांतले आहेत आणि ते क्षमता सांगतात. प्रत्यक्ष कोण येईल ते सांगत नाहीत. तासाला दोनशे माणसंही नसतील तिथे पंचवीस हजारांची क्षमता कामाची नाही.

म्हणून गाडीची मागणी करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पट्ट्याचं निदान एक टोक आजच्या चालू रेल्वेजाळ्याला मिळतं का? आणि जुन्या स्थानकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर लोक राहतात का? जुनी स्थानकं अनेकदा मालासाठी किंवा खाणीसाठी बांधलेली असतात आणि वस्ती नंतर भलतीकडेच वाढलेली असते. दोन्ही उत्तरं नकारार्थी आली तर गाडीचा आग्रह आठवणींपोटी आहे. आठवणींची मला कदर आहे, पण त्यावर वेळापत्रक चालत नाही.

उत्तरं होकारार्थी आली, तर मात्र एकही दिवस दवडू नका. स्कॉटलंडमधला एडिनबरा ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग, सुमारे १५८ किलोमीटरचा, जानेवारी १९६९मध्ये बंद झाला. त्याआधी १९६३च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधली २,३६३ स्थानकं आणि सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली होती. बंद पडलेल्या मार्गांच्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. पुढे लोकांनी पुन्हा गाडी मागितली तेव्हा वेव्हर्लीच्या वाटेवर बांधकामं उभी होती, आणि एडिनबराच्या बाह्यवळण रस्त्याने जुना मार्ग कापून टाकला होता. त्या रस्त्याखालून नवी वाट काढावी लागली. अखेर सप्टेंबर २०१५मध्ये एडिनबरा ते ट्वीडबँक असा सुमारे ५० किलोमीटरचा भाग सुरू झाला. तोही बहुतांश एकेरी. उरलेले शंभराहून अधिक किलोमीटर अजून सुनेच आहेत. छेचाळीस वर्षांत तो पट्टा फक्त अखंड ठेवला असता तरी अर्धं काम झालं असतं.

एक गैरसमजही दूर करायला हवा. पट्टा आहे म्हणजे मार्ग तयार आहे असं नसतं. रुळांखालचे जुने आडवे स्लीपर कुजलेले असतात, सिग्नल नव्याने लागतात, फलाट आजच्या डब्यांच्या उंचीला जुळत नाहीत. सगळ्यांत अवघड असतात ती फाटकं. पूर्वी जिथे दिवसातून चार बैलगाड्या थांबायच्या तिथे आता हमरस्ता असतो, आणि तिथे पूल किंवा भुयार काढल्याशिवाय गाडी नेता येत नाही. खर्चाचा अंदाज मागवाल तेव्हा फाटकांचा हिशेब वेगळा मागा.

रस्ता

जागा मोकळी आहे, सपाट आहे, डांबर टाकलं की झालं. ऐकायला सोपं वाटतं. मोजपट्टी घेतली की अडचण दिसते. दोन पदरी रस्त्याला प्रत्येकी साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका आणि दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी, म्हणजे दहा-बारा मीटर माथा लागतो. भरावाचा माथा पाच-सहा मीटरचा. तो दुप्पट रुंद करायचा तर खाली उताराचा पायाही तितकाच पसरतो आणि हद्दीबाहेर जातो. टेकडी खोदून वाट काढलेल्या भागात दोन्ही बाजूंचे कडे पुन्हा कापावे लागतात. एकेरी मार्गाचा बोगदा साधारण साडेचार-पाच मीटर रुंद असतो. त्यात समोरासमोर दोन ट्रक मावत नाहीत. शेवटी भूसंपादन आलंच, पूल नवे बांधणं आलंच. मग स्वस्तात मिळतंय म्हणून हा पट्टा घेतला होता त्याचा अर्थ काय राहिला?

ब्रिटनमध्ये १९५५मध्ये ब्रिगेडियर लॉइड यांनी अख्खं रेल्वेजाळंच मोटाररस्त्यांत बदलावं अशी मांडणी केली होती. ती तशी अमलात आली नाही. जुन्या मार्गांचे छोटे तुकडे बाह्यवळणांत गेले, एवढंच.

तेवढ्या तुकड्यापुरता रस्त्याचा दावा खरा असू शकतो. अवजड वाहनं शाळेसमोरून, बाजारातून जात असतील आणि दीड-दोन किलोमीटरचा पट्टा त्यांना वस्तीबाहेरून काढून देत असेल, तर मी विरोध करणार नाही. पण कोंडी सुटेल या आशेवर अख्खा पट्टा देऊ नका. मार्गिका वाढल्या की मोटारीही वाढतात, हे जगभरच्या शहरांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि रस्ता झाला की तो रस्ताच राहतो. घरांची दारं त्यावर उघडतात, दुकानं लागतात, नळ आणि केबल त्याखालून जातात. त्यावरून परतायची वाट नसते.

रस्त्याचा एक समंजस भाऊ आहे, तो म्हणजे फक्त बससाठीचा मार्ग. इंग्लंडमध्ये केंब्रिज ते सेंट आइव्ह्ज हा जुना रेल्वेपट्टा २०११मध्ये बसमार्ग झाला. काँक्रीटच्या दोन तुळयांमध्ये बस आपोआप वळते, त्यामुळे लागणारी रुंदी कमी होते. देखभालीसाठी शेजारी ठेवलेली वाट चालणाऱ्या आणि सायकलवाल्यांनी भरून गेली. लॉस एंजेलिसमध्ये २००५ साली जुन्या रेल्वेपट्ट्यावर अशीच बससेवा सुरू झाली, तिच्या कडेनेही सायकलमार्ग आहे. प्रवासी आहेत पण गाडी परवडण्याइतके नाहीत, अशा मधल्या स्थितीत हा पर्याय मला रस्त्यापेक्षा कितीतरी उजवा वाटतो.

पायवाट

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची वाट १९६७मध्ये खुली झाली. वाटेत तीन बोगदे आहेत, त्यातला सर्वांत लांब एक किलोमीटरपेक्षा मोठा. रेल्वेच्या पट्ट्यावर पायवाट ही कल्पना तिथून रुजत गेली. न्यूझीलंडमध्ये ओटॅगो सेंट्रल मार्ग १९९०मध्ये बंद झाला आणि २०००मध्ये १५२ किलोमीटरची सायकलवाट म्हणून उघडला. सिंगापूरने १ जुलै २०११ रोजी ताब्यात आलेला २४ किलोमीटरचा पट्टा हिरवा राखला, जुने लोखंडी पूलसुद्धा जागेवर ठेवले.

पायवाटेचा मोठा गुण असा की ती पट्ट्याला फार छळत नाही. तीन मीटर रुंदी पुरते, माथ्यावर ती आरामात बसते. रेल्वेचं वजन पेललेल्या पुलाला माणसांचा भार काहीच नाही. बोगदा रुंद करावा लागत नाही. आणि माणसांची ये-जा सुरू झाली की अतिक्रमण आपोआप थांबतं, कारण कुंपण सरकलं तर दुसऱ्या दिवशी शंभर जण बघतात.

पण वाट बांधायची म्हणजे खडीवर रोलर फिरवायचा, असं समजू नका. मी अशा एका पट्ट्यावरून पावसाळ्यानंतर चालत गेले होते. एके ठिकाणी दगडी मोरी होती, कमान अजून घट्ट, सांध्यांतला चुना शाबूत. पण तिचं तोंड गाळाने आणि फांद्यांनी पाऊण भरलेलं. पाणी एका बाजूला तुंबून भरावाच्या कुशीतून पाझरत होतं, आणि पलीकडच्या उतारावर माती ओंजळ-ओंजळ घसरत होती. गाड्या चालू असताना एक गँगमन येऊन ते तोंड साफ करायचा. तो गेला आणि मोरी एकटी पडली. भराव खचतो तो अशा जागी. म्हणून पाहणीच्या दिवशी वरून चालू नका. प्रत्येक मोरीशी खाली उतरा आणि वाकून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा.

दुसरी काळजी मातीची. रुळांखालची खडी हातात घेतली तर अनेकदा बोटांना काळं तेल लागतं. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट हे डांबरासारखं तेल चोपडलेलं असायचं, आणि तण मारायला काही काळ आर्सेनिकयुक्त औषधंही फवारली जायची. ती जमिनीत राहतात. माती तपासून घ्या. बहुतेक ठिकाणी वरून घट्ट थर टाकून ती झाकता येते, पण जुनं यार्ड किंवा इंजिनशेड असेल तर तिथे मुलांची बाग करायच्या आधी दहा वेळा विचार करा.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात सांगते. दाबलेल्या बारीक खडीवर चालायला सुख, पण पाण्याने ती वाहते आणि चाकाच्या खुर्चीला ती जड जाते. वस्तीजवळ डांबर, लांबच्या भागात खडी, एवढं पुरे.

शेजाऱ्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. परसदारामागून अनोळखी माणसं जाणार म्हटल्यावर कुणीही धास्तावेल. दाट झाडी लावून देणं, ज्याला हवं त्याला वाटेवर उघडणारं फाटक देणं, अशा साध्या गोष्टींनी विरोध निवळतो. मला त्याहून जास्त चिंता खोल खोदाईच्या भागांची वाटते. दोन्हीकडे उंच कडे आणि किलोमीटरभर बाहेर पडायला जागा नाही, अशा ठिकाणी संध्याकाळी एकटी बाई जाणार नाही. मधेमधे पायऱ्या किंवा उतार काढलेच पाहिजेत, आणि नकाशात ते पहिल्याच दिवशी दिसले पाहिजेत.

आता पायवाटेची कठीण बाजू. ती लोकांना आवडते, आणि एकदा आवडली की हलत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल ते बाथ या २१ किलोमीटरच्या वाटेचा काही भाग जलद बससाठी घ्यायचा प्रस्ताव २००८मध्ये आला, आणि एवढा विरोध झाला की तो मागे घ्यावा लागला. अमेरिकेत मेरीलँडमध्ये बेथेस्डा ते सिल्व्हर स्प्रिंग हा पट्टा स्थानिक प्रशासनाने १९८८मध्येच वाहतुकीसाठी म्हणून विकत घेतला होता, तोवर चालायला खुला ठेवला होता. पर्पल लाइन या हलक्या रेल्वेसाठी २०१७मध्ये वाट बंद केली तेव्हा कोर्टकचेऱ्या झाल्याच. अटलांटात ३५ किलोमीटरच्या बेल्टलाइनची मूळ कल्पना रेल्वे आणि वाट दोन्हींची होती, १९९९च्या एका प्रबंधातून आलेली. वाट आधी झाली, आणि गाडी हवी की नको यावर शहरात वाद पेटला.

ही लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही. वीस वर्षं ज्या सावलीत माणूस रोज चालला ती सावली तो सोडणार नाहीच. चूक असते ती पहिल्या दिवशी स्पष्ट न सांगण्याची.

मालकीचा कागद

इथे घाई केली तर वरचं सगळं वाया. रेल्वेकडे जमिनीची पूर्ण मालकी होती, की फक्त वहिवाटीचा हक्क? मालकी असेल तर रेल्वे ती विकू शकते. नुसता वहिवाटीचा हक्क असेल, तर गाडी कायमची बंद झाल्याबरोबर तो संपून जमीन मूळ मालकांकडे जाऊ शकते, आणि अखंड पट्टा एका रात्रीत शंभर तुकड्यांचा होतो. एकाच मार्गावर दहा किलोमीटर मालकीचे आणि पुढचे दोन वहिवाटीचे, असंही असतं. म्हणून कागद तुकड्या-तुकड्याने तपासायचे असतात.

अमेरिकेने यावर १९८३मध्ये कायद्यातच तोड काढली. मार्ग 'सोडून दिला' असं न धरता तो भविष्यातल्या रेल्वेसाठी 'राखून ठेवला' असं धरायचं, आणि दरम्यान तिथे पायवाट चालू द्यायची. १९९०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, मात्र जमीनमालकांना भरपाई मागण्याचा रस्ता मोकळा ठेवला. मिसूरीतली जवळपास ३८६ किलोमीटरची केटी वाट अशीच उभी राहिली. तिथला रेल्वेमार्ग १९८६च्या पुरात वाहून गेला, पण पट्टा टिकला. उलट २०१४मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं की १८७५च्या कायद्याखालचे पट्टे हे नुसते वहिवाटीचे हक्क होते आणि मार्ग सोडून दिल्यावर ते संपले. राखून ठेवण्याची प्रक्रिया वेळेत झालेली नसेल तर काय होतं, ते यातून दिसतं.

तुमच्याकडे असा कायदा नसेल तर भाडेपट्टा किंवा करारातून तेच साधावं लागेल. त्यासाठी सभेआधी वकील गाठा.

मग ठरवायचं कसं

टोक जुळतंय आणि लोक आहेत, तर रूळ. प्रवासी आहेत पण कमी, तर बसमार्ग. वस्तीतून अवजड वाहनं काढण्याची खरी गरज असेल, तर तेवढ्याच तुकड्यावर रस्ता. यातलं काहीही आज नक्की सांगता येत नसेल, आणि बहुतेक ठिकाणी ते सांगता येत नाहीच, तर पायवाट करा आणि पट्टा सांभाळा. विक्रीला माझं मत कधीच नाही, एका कोपऱ्याच्या विक्रीलाही नाही. पन्नास किलोमीटरचा पट्टा मधोमध पन्नास मीटर तुटला की तो रेल्वेच्या उपयोगाचा राहत नाही.

दोन्ही एकत्र नांदू शकतात, हेही विसरू नका. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात ग्योंगी रेल्वेमार्गाचे रूळ जमिनीखाली गेले आणि वर ६.३ किलोमीटरची बाग झाली. पॅरिसभोवतीच्या पेटिट सेंत्यूर या बंद पडलेल्या वर्तुळाकार रेल्वेमार्गावर काही भागांत रूळ न उचलताच कडेने चालायला वाट दिली आहे. इतका पैसा नसला तरी हद्द १५-२० मीटर असेल तर पुढे कधीतरी रूळ, कुंपण आणि पायवाट शेजारी-शेजारी बसू शकतात. फक्त आज वाट भरावाच्या अगदी मध्यावर घालू नका. शक्य असेल तिथे ती एका कडेला ठेवा, म्हणजे मध्यरेषा रिकामी राहील. पूल आणि बोगद्यांत हे जमणार नाही. तिथे वाट पुढे कुठून वळवता येईल ते नकाशावर आत्ताच आखून ठेवा.

आणि ठरावात एक वाक्य घालून घ्या, पायवाटेच्या दोन्ही टोकांच्या फलकांवरही तेच रंगवा: हा पट्टा रेल्वेसाठी राखीव आहे, रूळ परत आले तर वाट बाजूला सरकेल, बंद होणार नाही. त्या सरकण्यासाठी लागणारी तीन मीटर जागा हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे, ते मोजणी करणाऱ्याकडून खुंट्या ठोकून दाखवून घ्या आणि मगच सही करा.